प्रोस्टेट कॅन्सर आणि हाडांचा स्कॅन : चिठ्ठी हातात आल्यापासून रिपोर्ट समजेपर्यंत

सत्तरीतले आजोबा बाकावर बसलेले असतात. मुलगा नाहीतर जावई खिडकीशी उभा, हातात यूरोसर्जनची चिठ्ठी : 'होल बॉडी बोन स्कॅन'. पैसे भरून झाले की मुलगा आवाज खाली आणून विचारतो, "मॅडम, हाडात गेलाय की नाही, ते यात कळेल ना?"

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. इंजेक्शन देणं आणि कॅमेऱ्यावर चित्रं घेणं हे माझं काम. रिपोर्ट डॉक्टर लिहितात. पण इतकी वर्षं ही चित्रं घेताना एक गोष्ट मला पक्की कळली आहे. हाडात कुठे काहीतरी चालू आहे, एवढं स्कॅन दाखवतो. ते कशामुळे चालू आहे, याचं उत्तर पुष्कळदा पेशंटच्या मागच्या हकिकतीत असतं, आणि ती हकिकत घरच्यांना ठाऊक असते. ती कशी सोबत आणायची, स्कॅनच्या दिवशी काय होतं आणि रिपोर्ट कसा समजून घ्यायचा, ते इथे क्रमाने लिहिते आहे. उपचार काय करायचे हे मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.

सगळ्यात आधी : स्कॅनच्या तारखेची वाट कधी बघायची नाही

प्रोस्टेटचा कॅन्सर झालेल्या माणसाची पाठ अचानक जोरात दुखू लागली, पायातली ताकद गेली, चालताना पाय लटपटू लागले, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटू लागलं, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मणक्यातल्या गाठीचा मज्जारज्जूवर दाब पडत असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जायचं. तिथे तातडीने एमआरआय होतो. "पुढच्या गुरुवारी बोन स्कॅन आहेच, त्यात बघू" असं म्हणून थांबलेली घरं मी पाहिली आहेत. काही तासांचा उशीर झाला तरी गेलेली ताकद कदाचित परत येणार नाही.

पायरी १ : हा स्कॅन लागतो का, हे डॉक्टरांना विचारा

प्रोस्टेटचा कॅन्सर पसरताना बहुधा हाडं गाठतो, तेही कंबरेचे मणके, ओटीपोटाची हाडं, बरगड्या, मांडीच्या हाडाचा वरचा भाग. ऑस्कर बॅटसन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने १९४० साली दाखवून दिलं की ओटीपोटातल्या शिरा मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याशी जोडलेल्या असतात, आणि या जाळ्यात झडपा नसतात. खोकताना, कुंथताना रक्त त्यातून उलट वाहू शकतं. कॅन्सरच्या पेशी मणक्यांपर्यंत पोचण्याची ही एक वाट आहे.

म्हणून प्रत्येकाचा स्कॅन करायचा असं मात्र नाही. पीएसए (रक्तात मोजतात ते प्रोस्टेटचं प्रथिन) १० च्या आत, ग्लीसन स्कोअर (बायॉप्सीत ठरणारी कॅन्सरची तीव्रता) ६ आणि गाठ प्रोस्टेट ग्रंथीच्या आतच, असा कमी धोक्याचा आजार असेल तर हाडात काही सापडण्याची शक्यता फारच थोडी. अशा वेळी स्कॅन केला तर जुन्या संधिवाताचे डाग दिसतात आणि घर उगाच घाबरतं. ग्लीसन ८ किंवा त्याहून जास्त, पीएसए २० च्या वर, गाठ ग्रंथीबाहेर आलेली, हाडं दुखतात किंवा रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज (हाडाच्या बांधकामासोबत वाढणारं एन्झाइम) वाढलंय, अशा वेळी स्कॅन हवाच. मधल्या गटात, विशेषतः ग्लीसन ४+३, म्हणजे ७, असेल तर, डॉक्टर बहुधा स्कॅन सांगतात. "आमचा आजार कोणत्या रिस्क ग्रुपमध्ये येतो?" हा प्रश्न त्यांना नक्की विचारा. त्याचं उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पायरी २ : बोन स्कॅन की पीएसएमए पेट?

दोन्ही चाचण्यांत शिरेतून औषध देतात आणि दोन्हींत चित्रं निघतात. पण त्या दोन वेगळ्या गोष्टी दाखवतात.

बोन स्कॅनमध्ये एमडीपी नावाचं फॉस्फेटच्या जातीचं औषध टेक्निशियम-९९एम या किरणोत्सारी मूलद्रव्याला जोडून देतात. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज इथे गोपाल सुब्रमणियन, जॉन मॅकॅफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ते मांडलं, आणि आजही रोजचं औषध हेच आहे. हाड जिथे नव्याने बांधलं जातं तिथे ते जाऊन चिकटतं, आणि चित्रात तिथे काळा ठिपका उमटतो. प्रोस्टेटच्या गाठी हाड नुसतं पोखरत नाहीत, भोवती वेडंवाकडं नवं हाडही बांधतात, म्हणून त्या यात चांगल्या दिसतात. पण एक लक्षात घ्या : हे औषध कॅन्सरला चिकटत नाही, हाडाच्या बांधकामाला चिकटतं. मोडलेलं हाड सांधताना, झिजलेला गुडघा स्वतःला सावरताना, दाताच्या मुळाशी पू झाल्यावरसुद्धा हाडाचं बांधकाम चालूच असतं. हे डोक्यात बसलं की रिपोर्टची निम्मी भीती जाते.

पीएसएमए पेट-सीटीत औषध प्रोस्टेटच्या पेशींवर भरपूर असणाऱ्या पीएसएमए नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. म्हणजे नेम आजारावरच. त्याला गॅलियम-६८ किंवा फ्लोरिन-१८ जोडलेलं असतं. बोन स्कॅनवर हाडाची प्रतिक्रिया उमटायला वेळ लागतो. हाडाच्या मज्जेतली लहान गाठ, आजार पोचलेल्या लसिकाग्रंथी पीएसएमएवर आधीच दिसू शकतात. ऑस्ट्रेलियात उच्च धोक्याच्या ३०२ पुरुषांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात पीएसएमए पेट-सीटीची अचूकता ९२ टक्के निघाली, तर बोन स्कॅन आणि सीटी मिळून ६५ टक्के.

मग सगळ्यांनी पीएसएमएच करावा का? खर्च झेपत असेल आणि आजार उच्च धोक्याचा असेल, किंवा ऑपरेशन वा रेडिएशननंतर पीएसए पुन्हा चढत असेल, तर पीएसएमएबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला, असं मी मनापासून सांगेन. पण तो कितीतरी महाग पडतो, जिल्ह्याच्या ठिकाणी सगळीकडे मिळत नाही, आणि थोड्या पेशंटांच्या गाठींवर ते प्रथिनच नसतं. पीएसए शंभरच्या पुढे आणि हाडं दुखतायत, अशा पेशंटच्या उपचाराची दिशा साध्या बोन स्कॅनवरही ठरवता येते. त्यासाठी जमीन गहाण टाकून मुंबईला धावायची गरज नाही. सरकारी योजनेतून उपचार चालू असतील तर कोणती चाचणी त्यात बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या.

पायरी ३ : वेळ घ्या आणि ती पाळा

टेक्निशियम-९९एम दर ६ तासांनी निम्मं होतं. सकाळी ८ वाजता भरून ठेवलेली सिरिंज दुपारी २ वाजता अर्धीच उरते, तुम्ही या की न या. आमच्याकडे मॉलिब्डेनम-९९ चा जनरेटर असतो. रोज सकाळी त्यातून टेक्निशियम काढून घ्यायचं. जगभर या कामाला 'मिल्किंग' म्हणतात, म्हणजे धार काढणंच. सकाळची धार त्या दिवशीच्या पेशंटांच्या हिशेबाने काढलेली असते. गॅलियम-६८ तर ६८ मिनिटांत निम्मं होतं. म्हणून "ट्रॅफिक होता, तासभर उशीर झाला" याचा अर्थ कधीकधी "आजचा स्कॅन गेला" असा होतो. गावाहून येणाऱ्यांनी जमलं तर आदल्या रात्रीच मुक्कामाला यावं.

बोन स्कॅनसाठी उपाशी राहायचं नसतं. चहा-नाश्ता करून, बीपी-शुगरच्या गोळ्या घेऊन यायचं. पीएसएमएच्या सूचना केंद्रागणिक थोड्या वेगळ्या असतात, सीटीसाठी शिरेतून डाय द्यायचा असेल तर क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट मागतात. फोनवर विचारून घ्या. पेसमेकर, हाडात घातलेला रॉड, बदललेला गुडघा असला तरी दोन्ही स्कॅन होतात, फक्त आम्हाला सांगा.

पायरी ४ : घरून निघताना हकिकत लिहून आणा

हा भाग लांबवते आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

एक आजोबा आठवतात. चित्रात डाव्या बाजूच्या चार बरगड्यांवर काळे ठिपके, एकाखाली एक, दोरी ताणून मारल्यासारखे ओळीत. मी विचारलं, "आजोबा, कुठं पडला होता का?" ते म्हणाले नाही. मुलगा म्हणाला नाही. दाराशी उभी असलेली सून हळूच म्हणाली, "दिवाळीच्या आधी मोरीत घसरले होते. कुणाला सांगायचं नाही म्हणाले होते." लागोपाठच्या बरगड्यांवर ओळीत ठिपके असणं ही मार लागल्याची ठेवण आहे. कॅन्सर असा रांगेत बसत नाही. तो कुठेही बसतो आणि बरगडीच्या लांबीने पसरतो. डॉक्टरांनी तिथे सीटी पाहिला, भरत आलेली फ्रॅक्चर निघाली. सून बोलली नसती तर त्या घरात काय काय झालं असतं, हा विचार अजून माझ्या मनात येतो.

म्हणून एका कागदावर मराठीत, साध्या शब्दांत लिहा :

- गेल्या दोन वर्षांत कुठे पडले, कुठे मार लागला. सायकलवरून, बैलगाडीवरून, मोरीत, जिन्यावर, सगळं. लाज वाटून लपवलेलंही.
- जुनी हाडांची ऑपरेशनं. सांधा बदलला असेल तर कोणत्या साली.
- गुडघे, कंबर, मान वर्षानुवर्षं दुखतात का, आणि त्यातलं दुखणं नवं कोणतं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं वेगळं लिहा.
- दात काढला का, हिरडी सुजली आहे का.
- हार्मोनचं इंजेक्शन (पुरुषी हार्मोन कमी करणारं) कधी सुरू झालं, वृषण काढण्याचं ऑपरेशन झालं का, रेडिएशन कुठे आणि कधी दिलं. हार्मोनच्या उपचाराने हाडं ठिसूळ होतात, आणि ठिसूळ मणका दबला तर तोही स्कॅनवर काळा दिसतो.
- पीएसएचे सगळे आकडे तारखांसह. फक्त शेवटचा नको, चढ-उतार हवा.

सोबत बायॉप्सीचा रिपोर्ट, जुने एक्स-रे, सीटी, एमआरआय आणि आधीच्या स्कॅनच्या सीडी आणा. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. डॉक्टरांना जुनं चित्र नव्या चित्राशेजारी ठेवून बघायचं असतं.

पायरी ५ : स्कॅनचा दिवस

दंडात किंवा हातावर एक छोटी सुई. औषधाचं प्रमाण साधारण २० ते २५ मिलीक्युरी. अंग गरम होत नाही, गुंगी येत नाही. मग दोन ते चार तास थांबायचं. तेवढ्यात औषध हाडात बसतं आणि उरलेलं लघवीवाटे जातं. या वेळात चार-पाच ग्लास पाणी, ताक, जे आवडेल ते प्यायचं आणि वरचेवर लघवीला जायचं. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर आधी सांगा. पीएसएमएमध्ये थांबणं साधारण तासाभराचं असतं.

कॅमेऱ्याखाली जाण्याआधी लघवी पूर्ण करा. भरलेलं मूत्राशय चित्रात मोठा काळा गोळा होऊन बसतं आणि मागचं माकडहाड, पुढचं जघनाचं हाड झाकून टाकतं, म्हणजे प्रोस्टेटच्या आजारात नेमकी बघायची ती जागा. कॅथेटर असेल तर पिशवी रिकामी करून घ्या. ती आम्ही चित्राच्या बाहेर ठेवतो.

एकदा धोतर नेसलेल्या एका काकांच्या मांडीच्या हाडाशी एक ठसठशीत ठिपका दिसला. पडद्यावर बघून मलाही वाईट वाटलं. मग बाजूने चित्र घेतलं, तर ठिपका हाडात नव्हताच, कातडीच्या बाहेर होता. धोतर बदलायला दिलं, मांडी पाण्याने पुसली, पुन्हा चित्र घेतलं. ठिपका नाहीसा. लघवीचा एक थेंब! म्हणून प्रोस्टेटच्या पेशंटसोबत येताना एक जादा धोतर, लेंगा किंवा पँट पिशवीत टाका. थेंब थेंब लघवी होणं हा या आजाराचाच भाग आहे, त्यात संकोच नको. फक्त कपडे ओले झाले तर लगेच सांगा. खिशातली नाणी, किल्ल्या, कमरेचा पट्टा, चांदीचा करदोटा हे काढून ठेवा. धातूच्या जागी चित्रात फिकी पोकळी दिसते.

टेबल अरुंद आणि कडक असतं. वीस मिनिटं ते अर्धा तास पाठीवर निश्चल पडायचं, आणि कॅमेऱ्याची सपाट पाटी चेहऱ्याच्या अगदी जवळ येते. पाठ दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्या. चित्र हललं तर लहान डाग निसटतो. काही ठिकाणी शंका आली तर तेवढ्या भागाचा स्पेक्ट-सीटी करतात. त्यात कॅमेरा भोवती फिरतो आणि ठिपका मणक्याच्या नेमक्या कोणत्या भागात आहे ते कळतं. "जादा चित्र घेतायत म्हणजे काहीतरी वाईट सापडलं" असा अर्थ काढू नका. पुष्कळदा ते ठिपका निर्दोष आहे हे सिद्ध करायलाच असतं.

किरणांची भीती सगळ्यांना वाटते. दारावरचं पिवळं चिन्ह बघून आजी बाहेरच थांबतात. बोन स्कॅनचा डोस साधारण ४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांचं माप). निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. परळला टाटा मेमोरियलच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. आपल्याकडे हे काम नवं नाही. त्या दिवशी लहान नातवंडांना मांडीवर घेऊ नका, घरात गरोदर सून-मुलगी असेल तर थोडं अंतर ठेवा, लघवी बसून करा आणि दोनदा फ्लश करा. दुसऱ्या दिवशी नातू मांडीवर घ्यायला हरकत नाही.

पायरी ६ : रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट घेऊन लगेच मोबाइलवर शब्द शोधू नका. आधी शेवटचा परिच्छेद, 'इम्प्रेशन', वाचा. मग हे शब्द बघा.

'डीजनरेटिव्ह' म्हणजे झीज : गुडघे, खांदे, कंबरेच्या मणक्यांच्या कडा. साठीनंतर हे जवळजवळ प्रत्येकाच्या चित्रात असतं. 'पोस्ट ट्रॉमॅटिक' म्हणजे मार लागल्याचं. 'इनडिटरमिनेट' किंवा 'इक्विव्होकल' म्हणजे सांगता येत नाही. हा ना होकार ना नकार, आणि यावर पुढची पायरी म्हणजे त्या जागेचा सीटी, एमआरआय किंवा काही आठवड्यांनी पुन्हा बघणं. एकाच बरगडीवरचा एकुलता ठिपका बहुतेकदा निर्दोष निघतो. त्यावरून कुणी थेट 'चौथी स्टेज' म्हणत असेल तर दुसरं मत जरूर घ्या.

'मल्टिपल', वेगवेगळ्या आकाराचे, मणके-ओटीपोट-बरगड्यांवर विखुरलेले डाग, आणि सोबत पीएसए चढलेला : ही पसरल्याची चित्रं. 'सुपरस्कॅन' हा शब्द मात्र नीट समजून घ्या, कारण नातेवाइकांना तो छान वाटतो. एका मुलाने मला आनंदाने विचारलं होतं, "सुपर म्हणजे चांगलाच ना?" तसं नाही. हाडांनी इतकं औषध ओढून घेतलेलं असतं की किडन्या चित्रात जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणजे आजार सगळ्या सांगाड्यात पसरलेला असतो. उपचार तरीही असतात, आणि हार्मोनचा उपचार सुरू झाल्यावर असे पेशंट पुन्हा चालू लागलेले मी पाहिले आहेत.

पीएसएमएच्या चित्रात अश्रुग्रंथी, लाळग्रंथी, किडन्या, लहान आतड्याचा भाग आणि मूत्राशय एरवीही चमकतात. तो आजार नव्हे. फ्लोरिन-१८ च्या काही पीएसएमए औषधांत बरगड्यांवर हलके ठिपके दिसतात आणि ते पुष्कळदा निरर्थक असतात. तिथेही सीटीवर तेवढ्या जागी काही बदल आहे का, हे विचारा.

पायरी ७ : उपचार सुरू झाल्यावर पुढचा स्कॅन

नवा उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केलेला बोन स्कॅन फसवू शकतो. गाठी मरत असतात, हाड भरून येत असतं, आणि नेमकं हे भरून येणंच औषध जास्त ओढतं. जुने डाग गडद होतात, आधी न दिसलेले नवे दिसतात. याला 'फ्लेअर' म्हणतात. म्हणून औषधांच्या अभ्यासांत असा नियम आहे : पहिल्या फेरस्कॅनवर दोन नवे डाग दिसले तरी आजार वाढला असं लगेच मानत नाहीत, त्यापुढच्या स्कॅनवर आणखी दोन नवे दिसले, तरच मानतात. पीएसए उतरतोय, दुखणं कमी झालंय आणि फक्त स्कॅन 'वाईट' आलाय, तर औषध बदलायची घाई करण्याआधी "हा फ्लेअर असू शकतो का?" हे डॉक्टरांना विचारा.

हाडं बळकट करण्यासाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब ठरलं असेल तर आधी दाताच्या डॉक्टरकडे जा. किडके दात आधीच काढून घ्या. या औषधांवर असताना दात काढला तर जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा धोका असतो.

पीएसएमए पेटचा आणखी एक उपयोग उपचाराशी जोडलेला आहे. ल्युटेशियम-१७७ चं, म्हणजे गाठींना आतून किरण देणारं, इंजेक्शन द्यायचं तर गाठी पीएसएमएवर चमकायलाच हव्यात, कारण ते औषध त्याच प्रथिनाला धरून गाठीपर्यंत जातं. ल्युटेशियम-१७७ आपल्याकडे मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होतं. तेव्हा त्या उपचाराचा विषय निघाला की पीएसएमए टाळता येत नाही, आधी कितीही बोन स्कॅन झालेले असोत.

फेरस्कॅन शक्यतो त्याच केंद्रात, त्याच प्रकारचा करा. मार्चमधला बोन स्कॅन आणि सप्टेंबरमधला पीएसएमए शेजारी ठेवून "सहाचे अकरा झाले" असा हिशेब होत नाही. पीएसएमएला जास्त दिसतं, म्हणून आकडा वाढतो. फाइलमध्ये सीडी तारखेप्रमाणे लावा, प्रत्येकीच्या पाकिटावर त्या दिवसाचा पीएसए आणि चालू औषध पेनने लिहा. आणि हकिकतीचा तो कागद फेकू नका, प्रत्येक वेळी त्यात खाली भर घाला : नवं दुखणं कुठे, पुन्हा पडले का, दात काढला का. पुढच्या वेळी काउंटरवर चिठ्ठीसोबत तो कागदही द्या. मी तो मागून घेतेच, आणि चित्रांबरोबर डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवते.